मावशीचं चिनी नारिंग

मावशी विधवा होऊन आमच्या डोंबिवलीच्या घरी राहायला आली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिच्यासोबत एक ट्रंक आणि एक कुंडी होती. कुंडीतलं चिनी नारिंगाचं रोप काकांनी लावलेलं. ते ठाण्यात एका बंगल्याची बाग बघत. सहा महिने मावशी कामापुरतंच बोलली.

हिवाळ्यात त्या झाडाला सुपारीएवढी केशरी फळं धरली. वडिलांनी एक सोलून तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "नुसतं आंबट! काय उपयोग याचा?"

"भावोजी, साल फेकू नका, गोडी सालीतच असते!" मावशी स्वयंपाकघरातून जवळजवळ ओरडलीच. बाहेर येऊन तिने एक फळ तळहातांत हलकेच चोळलं आणि सालीसकट त्यांना दिलं. ते सावकाश चावत राहिले. मग म्हणाले, "अजून एक दे."

दुपारी तिने उरलेल्या फळांच्या बिया काढून, वेलदोडा घालून मुरांबा करायला घेतला. पाक ढवळताना म्हणाली, "कसा करायचा ते ह्यांनी सांगून ठेवलं होतं. या झाडाचं फळ मात्र त्यांनी पाहिलं नाही." आणि ती पहिल्यांदाच आमच्यासमोर रडली. आईने पातेलं शेगडीवरून उतरवलं आणि तिच्याजवळ बसून राहिली.