मास्तरांचं नवं पोट

गाडी शिकवणाऱ्या माणसाचं काम काय, तर शेजारी बसायचं आणि घाबरायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा एकदा. समोरून ट्रक येतोय, स्टिअरिंग धरलेल्या बाईंनी डोळे गच्च मिटून घेतलेत, आणि तुम्हाला मात्र गोड आवाजात म्हणायचंय, छान, आता हळूच दुसरा गिअर. मास्तरांनी अर्धं आयुष्य हेच केलं. त्यांच्या बाजूला पायाखाली एक वेगळा ब्रेक होता, तोच काय तो आधार. तास संपून शिकाऊ माणूस घाम पुसत उतरला की मास्तर दार लावून घ्यायचे आणि खायचे. पाव, उकडलेली अंडी, बिस्किटांचा पुडा, पिशवीत जे असेल ते. गिळलेली भीती खाली ढकलायला वरून काहीतरी घालावंच लागतं, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

ढकलता ढकलता मास्तर वाढले. किती वाढले म्हणाल, तर ड्रायव्हिंग स्कूलमधली बाकीची मंडळी त्यांना गोदाम म्हणायची. गोदाम बसलं, गाडी एका अंगाला कलली, हा रोजचा विनोद, आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते मास्तरच. जाड माणसाला ते करावंच लागतं. नाही हसला तर वर चिडका म्हणतात. पण पुढे गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. बायकोनं एकदा चहाचा कप पुढ्यात ठेवता ठेवता सांगून टाकलं की मला इतक्यात एकटं राहायची हौस नाही. तेव्हा कुठे मास्तर डॉक्टरांकडे गेले आणि ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग कापून टाकला आणि केळ्याएवढी पिशवी तेवढी मागे ठेवली.

वजन भराभर उतरलं. बुटाची नाडी ज्या दिवशी स्वतःच्या हातानं बांधता आली, त्या दिवशी मास्तरांनी मुलीला हाक मारून बोलावलं, नाडी सोडली आणि पुन्हा बांधून दाखवली. गोदाम म्हणणारे गप्प झाले. हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी नाव घातलेल्या लोकांची दर महिन्याला बैठक भरायची, तिथं डॉक्टर मास्तरांना बोलायला बोलवू लागले. बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार? जुनी पँट सोबत न्यायची, तिच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून उभं राहायचं आणि म्हणायचं, दुसरा पाय भाड्यानं द्यायचा आहे. लोक खुर्च्यांवर मागेपुढे होऊन हसायचे. जाताना हात हातात घेऊन सांगायचे, तुमच्याकडे बघून धीर आला बघा.

आता खरी गोष्ट. डॉक्टरांनी पोट कापलं, भीती थोडीच कापली होती? ती होती तेवढीच राहिली. पहिले काही महिने मास्तर सूप पीत होते, घास बत्तीस वेळा चावत होते, सगळं रीतसर चाललं होतं. मग एका पोरीनं भर चौकात गाडी बसच्या तोंडाशी नेऊन उभी केली. ती उतरून गेल्यावर मास्तरांचा हात आपोआप पिशवीत गेला. आत स्वतःच्या मुलीसाठी घेतलेला केक होता, घरी न्यायचा. तो त्यांनी पूर्वीसारखा खाल्ला, न चावता, कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखा. पिशवीएवढ्या पोटात केक मावणार कुठे? छातीत कळ आली, तोंडात पाणी जमलं आणि होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं.

पहिल्यांदा पाचावर धारण बसली. पण मग, हे सांगताना रागच येतो मास्तरांचा, मग त्यांना बरं वाटलं. पोट रिकामं, छाती मोकळी, आणि वजनाचा काटा जिथल्या तिथं. म्हणजे खायचंही सुख आणि बारीक असायचंही सुख. सुख कसलं डोंबलाचं! आठवड्यातनं एकदा व्हायचं ते रोज व्हायला लागलं, रोजचं दोनदा. मास्तरांनी त्याचीही सोय लावली. शिकवता शिकवता पेट्रोल पंप आला की म्हणायचे, घे गाडी बाजूला, आरसे बघ, पुढेमागे करून नीट लाव, मी आलोच. पंपाच्या मागे संडास होता. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं गाडी लावण्यात इतकी पटाईत निघाली की स्कूलचे मालक इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचे.

घरी बायको खूश होती. नवरा वाढलेलं सगळं खातो, तरी अंगाला लागत नाही, आणखी काय पाहिजे? हॉस्पिटलातल्या सिस्टरनं दर वेळी विचारावं, उलट्या होतात का, आणि मास्तरांनी हसून म्हणावं, छे हो. एकदा माणूस चारचौघांसमोर उदाहरण म्हणून उभा राहिला की त्याला खाली उतरायला जागा राहत नाही. केस गळायला लागले तर वय झालं म्हणाले. दात शिवशिवायला लागले तर कोमट पाणी प्यायला लागले. मग, पोटात काहीच टिकत नसल्यानं नसा उपाशी पडल्या आणि तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. पुढे पुढे तर बुटात पाय आहे की नुसता मोजा आहे, हेही कळेना. मास्तरांनी पातळ तळाचे बूट घेतले आणि विषय मिटवला. पायावर ज्याची रोजीरोटी, आणि दुसऱ्यांचा जीव ज्याच्या पायावर, त्या माणसानं असं करावं! पण केलं.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. अंगानं थेट बापावर गेलेली, आवाज मात्र आईचा, बारीक आणि स्वच्छ. गिऱ्हाइकांना फ्रेम चढवून द्यायची, डोळ्यांसमोर आरसा धरायचा, कानामागची काडी वाकवून द्यायची, असं तिचं काम. दुकानात काउंटर आणि कपाट यांच्यामध्ये अरुंद बोळ होता. त्यातून ती आडवी होऊन जायची आणि गिऱ्हाइकं तेवढा वेळ भिंतीवरच्या फ्रेमा बघत उभी राहायची. घरी ती हे कधी बोलली नाही. एकदा मात्र मास्तरांच्या त्या बैठकीला आली, शेवटच्या रांगेत बसली, बापाला पँटच्या एका पायात उभं राहिलेलं बघितलं आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. घरी येताना तिनं सांगितलं की मलाही ऑपरेशन करायचंय.

तपासण्या झाल्या, डॉक्टर हो म्हणाले, सोमवार ठरला. पोरीला सांगायला हवं, हे मास्तरांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. सांगितलं तर ती थांबेल, निदान चार ठिकाणी विचारेल, आपण कुठे घसरलो ते बघून सावध होईल. नाही सांगितलं तर आपण आपल्या हातानं तिला त्याच खड्ड्यात ढकलतोय. सकाळी दाढी करताना ठरवायचे, आज बोलायचं. संध्याकाळी ती समोर यायची, कपाटातला चांगला शर्ट काढून म्हणायची, हा मला पुढच्या वर्षी सैल होईल ना बाबा, आणि मास्तर म्हणायचे, होईल की. तिच्या डोळ्यांत बापाबद्दल जो अभिमान दिसायचा, तो त्यांना आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत दिसला नव्हता. तो घालवायची हिंमत होईना.

ऑपरेशननंतर काही दिवस गाडी चालवता येणार नाही, म्हणून बापाकडेच गाडी शिकणारी मुलगी शनिवारी दुपारी म्हणाली, एकदा सराव करून घेऊ. घाऊक बाजाराचं आवार त्या वेळी रिकामं असायचं. वॉचमन ओळखीचा, त्यानं फाटक उघडून दिलं आणि चहाला गेला. भिंतीजवळ त्याचं लाकडी स्टूल होतं, ते तिथंच राहिलं. मुलीनं सीट मागे घेतली, तरी स्टिअरिंग पोटाला घासत होतं. आणखी मागे घेतली तर पाय पुरेनात. मास्तरांना त्यांचे स्वतःचे ते दिवस आठवले.

आवाराला दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत भिंतीशी वळताना मुलीचा पाय चुकला आणि ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पडला. ही चूक प्रत्येक शिकाऊ माणूस करतो, आणि मास्तरांनी ती शेकडो वेळा सावरली होती. त्यांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. सगळा जोर लावून दाबला. गाडी थांबली नाही. स्टूल मोडलं, गाडी भिंतीवर आदळली, दिव्याच्या काचा खाली सांडल्या आणि इंजिन बंद पडलं.

लागलं कुणालाच नाही. मुलगी घाबरून रडायला लागली, माझं चुकलं, माझं चुकलं म्हणायला लागली. मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकच्या शेजारी रबराच्या मॅटवर होता आणि अजूनही तिथंच जोर लावत होता. मग त्यांची नजर काचेबाहेर त्या स्टुलाच्या तुकड्यांवर गेली. वॉचमनला चहाची तलफ आली नसती तर!

"चूक तुझी नाही," मास्तर म्हणाले. "मी ब्रेक दाबलाच नाही."

"दाबलात ना. मी पाय बघितला तुमचा."

"मी मॅट दाबत होतो. मला कळलंच नाही."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. केकचं सांगितलं, पेट्रोल पंपाचं सांगितलं, सिस्टरला छे हो म्हणत आलो तेही सांगितलं. बूट काढला, मोजा काढला, पाय वर घेतला आणि म्हणाले, चिमटा काढ. मुलीनं अंगठ्याला चिमटा काढला. चांगला काढला, नखाची खूण उठली. मास्तर म्हणाले, काढलास की नुसतं बोट ठेवलंस, ते मला डोळ्यांनी बघून कळतंय. उद्या कुणाच्या तरी अंगावर गाडी जाईल. हे माझ्याच हातानं झालंय, आणि तुझंही असंच होईल, कारण तू माझ्यासारखी आहेस, दमलीस की खातेस, रडू आलं की खातेस. सोमवार पुढे ढकल, मी स्वतः डॉक्टरांकडे येतो आणि तुझ्यासमोर सगळं कबूल करतो. एवढं बोलून ते थांबले. आता ती चिडेल, रडेल, खोटारडे म्हणेल, अशी त्यांची तयारी होती. म्हणाली असती तर त्यांना हलकंच वाटलं असतं.

मुलीनं नाक पुसलं. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, ती पायाबद्दल बोलतेय.

"उलट्यांचं. केव्हापासूनच माहीत आहे. तुमच्या डोळ्यांत लाल बारीक रेषा फुटलेल्या असतात बाबा. मी दिवसभर लोकांचे डोळेच बघते."

"आईला?"

"आईला माहीत करून घ्यायचं नाहीये."

माहीत होतं, मग टाळ्या कशा वाजवल्यास, असं काहीतरी मास्तर बोलले. ती म्हणाली, "तुम्ही बारीक झालात की नाही? तुम्ही रस्त्यानं जाता तेव्हा आता कुणी वळून बघत नाही. मला तेवढंच हवंय." मास्तरांनी पुन्हा पायाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, पायाचं आजच डॉक्टरांना दाखवू, त्यात चालढकल नको, आणि तुमचं सगळं सांगून टाका, मी बरोबर येते. माझा सोमवार मात्र मोडू नका. हे ती अगदी मायेनं बोलली, लहान मुलाला समजवावं तसं. मास्तरांचा मोजा खाली पडला होता, तो तिनं वाकून उचलायचा प्रयत्न केला. स्टिअरिंग मध्ये आलं, हात पोहोचला नाही, तशी ती पुन्हा सरळ बसली.

"एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "किती दिवस विचारीन म्हणते. आपल्या घराच्या भिंती एवढ्या पातळ, तुमचा उलटीचा आवाज कधीच कसा आला नाही? तेवढं मला शिकवून ठेवा."

बाहेर वॉचमन चहा पिऊन परत आला होता आणि स्टुलाचे तुकडे गोळा करत काहीतरी विचारत होता. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मुलगी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून उत्तराची वाट बघत होती. असलं काही शिकायचं हे हिच्या डोक्यात घातलं कुणी, हे विचारायचीसुद्धा त्यांना सोय राहिली नव्हती.