जाड तारांचा गाणारा

मांडणीवरची भांडी वाजायला लागली की आमच्याकडच्या माणसाला एकच सुचतं. भूकंप. आमच्या पिढीनं तो पाहिलेला आहे. त्यामुळे विचार करत बसायचं नसतं, उठून बाहेर पळायचं असतं. त्या दुपारी मी तेच केलं. ताटल्या थरथरल्या, तांब्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठल्या, आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून गल्लीत आले. आले ती ओरडतच. समोरचा म्हातारा बाजेवर पडला होता, त्याला दंडाला धरून उठवला. शेजारी माझी जाऊ राहते, गुडघ्यांनी अधू आहे. तिला ओढतच बाहेर आणली. तिनं येताना काखेत एक कोंबडी धरली होती. पैसे नाही, दागिना नाही, कोंबडी.

"काय झालं गं?" जाऊ ओरडली.

"धरणी हालायलीय!"

"मला तर काई हालल्यावानी वाटंना."

"तुला कसं वाटंल? तू जागची हालतीस का कवा?"

म्हातारा डोकं तिरकं करून ऐकत होता. मग हसायलाच लागला. "भूकंप न्हाई, बाई. शेडात पोरं वाजवायलीत. सकाळपून चालू हाय. तुलाच ऐकू येत न्हाई."

तिकडे माझी भाकरी जळाली.

मला ऐकू येत नाही हे खरं आहे, पण सगळंच गेलेलं नाही. बारीक आवाज गेले. पाखरं, बांगड्या, फोनची घंटी, सुनेचं बोलणं, हे गेलं. सुनेच्या बोलण्याचं विशेष वाईट वाटलं नाही. जड आवाज तेवढे उरले. ट्रॅक्टर कळतो, ढोल कळतो, म्हैस हंबरली तर कळते. लग्नात बँजो पार्टी आली की मला नुसती तोंडं हलताना दिसायची. गाणं म्हणून माझ्यापर्यंत काही येतच नव्हतं.

आमची गल्ली शिरूर कासारच्या बाजूची. पाऊस बेताचा, त्यामुळे दिवाळी झाली की धडधाकट माणसं ऊस तोडायला फडावर जातात. दारांना कुलपं लागतात. मागं राहतात ती आमच्यासारखी, जी उपयोगाची नाहीत. आणि हाच काळ त्या पोरांच्या सोयीचा. गल्ली भरलेली असते तेव्हा त्यांना कोणी वाजवू देत नाही. लेकरू झोपलंय, म्हैस पान्हा चोरते, पाहुणे आलेत, कारणाला तोटा नसतो. म्हणून गल्ली रिकामी झाली की ती पोरं कापसाच्या जुन्या पत्र्याच्या शेडात आपलं सामान आणून मांडायची. हे मला त्या दिवशी कळलं.

मी तरातरा भांडायलाच गेले.

आत चौघं होते. एक ढोलांच्या गराड्यात बसलेला. एक पेटीसारख्या यंत्रावर. एकाच्या गळ्यात गिटार, कपाळावर केस, तो वाजवता वाजवता उड्या मारत होता. आणि चौथा कोपऱ्यात, स्पीकरला चिकटून उभा. पँटला ग्रीस. त्याला मी ओळखत होते. स्टँडजवळ त्याचं पंक्चरचं दुकान आहे. बापाचा फळांचा गाडा. त्या बापाशी मी केळ्यांवरून पुष्कळ भांडलेली आहे. पण हा माझ्या लेखी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघणारा माणूस होता. त्याच्याही गळ्यात गिटार होती, तिला चारच तारा, चांगल्या जाड.

"माझी भांडी कुनी हालवली?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग कोपऱ्यातल्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला. "मी, दादी."

"वाजव परत."

"दादी, आता हळू वाजवतो. चूक झाली."

"हळू कावून? मी काय म्हनले? वाजव."

त्यानं वाजवलं. मी शेडाच्या पत्र्यावर तळहात ठेवला होता. ते आधी तळहातातून आलं, मग तळपायातून, मग छातीच्या हाडात जाऊन बसलं. एक, थांबून एक, मग दोन लागोपाठ. माणूस ओझं घेऊन चालतो तसं. आणि त्यावर तो गायला लागला. मोठ्यानं नाही. पोटातून येणारा, जड आणि शेवटी जरा फाटणारा आवाज. शब्दन् शब्द कळला मला.

*कुलुपाला काय ठावं, आत कोन ऱ्हात होतं,*
*चावी गेली फडावर, दार वाट पाहत होतं.*

मी म्हटलं, "कुनाचं गानं हे?"

"माझंच."

"कुनाला ऐकवलंस?"

"तुम्हालाच आता. अन् समोरच्या कुलपांला."

त्याला ते लोक रॉक म्हणतात. मला नाव महत्त्वाचं नव्हतं. मला गाणं ऐकू आलं होतं! दुसऱ्या दिवसापासून मी जेवण उरकलं की गोणपाट घेऊन शेडात जायची आणि पत्र्याला पाठ लावून बसायची. जाऊ म्हणायची, म्हातारपणी चळ लागला. लागला तर लागला. उड्या मारणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुझं मला काईच ऐकू येत न्हाई, पर उड्या झकास मारतोस." तो बिचारा हिरमुसला आणि बाकीचे ढोलावर पडून हसले.

पण बाहेरच्या जगात सगळं उलटं होतं. कार्यक्रमात पुढं उभा राहून सिनेमाची गाणी म्हणायचा तो उड्यावाला. फोटो त्याचे. पंक्चरवाला मागं, अंधारात. एका कार्यक्रमात लोकांनी त्याच्याकडून खुर्च्या उचलून घेतल्या, आणि यानं उचलल्याही. त्याचं स्वतःचं गाणं कुठल्याच स्टेजवर झालं नव्हतं. आयोजक म्हणायचे, ओळखीचं म्हणा.

फाल्गुनात एक दिवस तो गिटार पुसत पुसत म्हणाला, "दादी, ही अंबाजोगाईच्या दोस्ताची हाय. तो परत मागायलाय. घरी बी म्हनतेत, एक धंदा धर. जत्रेत ह्या बारीला आपलं गानं झालं तर दोस्ताच्या हातापाया पडून ठेवून घेईन. न्हाई झालं तर देऊन टाकीन. मग न्हाई हात लावनार."

"अन् माझी भांडी कोन वाजवंल?"

तो हसला. मी हसले नाही. तो माणूस बोलल्यासारखं करणारा आहे.

जत्रा आली तोवर गल्ली परत आली होती. बाया स्टेजपुढं मांडी घालून बसल्या, उन्हानं रापलेल्या, हातांवर उसाच्या पात्यांचे चरे. स्टेजवर खुर्च्यांची रांग आणि खुर्च्यांत पुढारी. आमच्याकडे स्टेजवर चढलेला माणूस सत्काराशिवाय उतरत नाही. शाल, नारळ, फेटा. याचा झाला की त्याचा, आणि ज्यानं केला त्याचा पुन्हा दुसऱ्याकडून. मधे फट मिळाली तशी पोरांनी सिनेमाची गाणी वाजवली. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातल्या एका पुढाऱ्यानं मागं वळून पंक्चरवाल्याला बोट दाखवलं. काय म्हणाला ते जावेनं माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं, "त्याला म्हनला, ए साउंडवाले, आवाज कमी कर!"

आणि या माणसानं वाकून आवाज कमी केला. माझ्या पायाखालची थरथर गेली. मला त्या पुढाऱ्यापेक्षा याचाच जास्त राग आला.

मग सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. गल्लीतली सगळ्यात म्हातारी म्हणून माझाही सत्कार ठेवला होता. नुसते हात जोडायचे, असं बजावलं होतं मला. पुढाऱ्यानं खुर्चीतून उठून शाल घातली, हातात नारळ दिला, आणि रीत म्हणून सूत्रसंचालक बोलून गेला, "आज्जी, दोन शब्द." मी माईक त्याच्या हातातून घेतला.

"मला ऐकू येत न्हाई, तवा तुमी मधी बोललात तरी मला फरक पडत न्हाई. एक, एवढ्या उन्हाळ्यात शाल देत्यात का? दुसरं, तो स्पीकरपाशी उभा हाय ना, तो साउंडवाला न्हाई. गानारा हाय. त्यानं तुमच्या दाराच्या कुलपांवर गानं केलंय. ते झाल्याबिगर मी खाली उतरत न्हाई."

आणि मी पुढाऱ्याच्या मोकळ्या खुर्चीत जाऊन बसले.

खाली एकच हशा. सूत्रसंचालक माझ्याजवळ येऊन घड्याळ दाखवायला लागला.

"ऐकू येत न्हाई," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा दाखवलं.

"दिसत बी न्हाई."

बाया टाळ्या वाजवायला लागल्या. एवढ्या बायांच्या टाळ्या बघितल्यावर पुढारी उभ्या उभ्या हात हलवून म्हणाला असावा, होऊ द्या, होऊ द्या. कारण पोरं एकदम सरळ झाली.

पंक्चरवाला पुढं आला आणि लोकांकडं पाठ करून उभा राहिला. शेडात बंद दारांपुढं गायची सवय, माणसांपुढं गायलाच नव्हता तो. माईक अजून माझ्याच हातात होता.

"तोंड तिकडं कर रे! पाठीला काय बघायचंय?"

तो वळला. पहिल्यांदा जाड तार वाजली. स्टेजच्या फळ्या हलल्या, खुर्ची हलली, माझ्या मांडीवरचा नारळ हलला. शाबास! बाया अजून गप्पा मारत होत्या, कोणी भेळ खात होती. मग कुलुपाची ओळ आली. शांत झालं की नाही ते मला ऐकू येत नाही, पण दिसतं. भेळेचे हात मधेच थांबले. समोरच्या म्हाताऱ्याची सून पुढच्याच रांगेत होती. तिच्या पदराला घराची चावी बांधलेली असते. तिनं पदर चाचपला, चावी मुठीत धरली आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. आपलं दार गं, आपलं. रडलं कोणी नाही. आमच्या बाया गाण्याला रडत नाहीत. गाणं संपल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या आणि हात गरागरा फिरवायला लागल्या. परत! परत म्हण!

तो परत गायला. दुसऱ्या खेपेला दाराची ओळ बायांनीच उचलली. उड्या मारणारा एका जागी उभा राहून मन लावून याच्या मागं वाजवत होता. राहिलेले सत्कार राहिलेच, नारळ टेबलावर तसेच पडून. पुढारी कधी गेला मला ठाऊक नाही. खुर्ची माझ्याकडं होती.

गिटार परत गेली नाही. दोस्ताशी काय ठरलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी गल्ली भरलेली असताना शेडाचं दार उघडलं आणि कोणाच्या म्हशीनं पान्हा चोरला नाही.

यंदा दिवाळीनंतर बाया ते गाणं फोनमध्ये भरून फडावर घेऊन गेल्या. जाताना मला फोन कानाला लावून ऐकवलं. माझ्यासाठी त्यात काहीच नव्हतं. जाड तार फोनात मावत नाही. तिला पत्रा लागतो, फळ्या लागतात, मांडणी लागते.

आता गल्लीला पुन्हा कुलपं आहेत. मी मांडणीच्या अगदी कडेला एक स्टीलची वाटी ठेवून देते. तो वाजवायला लागला की ती सरकत सरकत खाली पडते, आणि मी गोणपाट उचलते. जाऊ म्हणते, वाटीला पोचे आले. येऊ देत.

आत्ताच पडली. निघते मी.