बंकटचा अंगठा आणि वनमालाबाईंची पाचवी

पहिला फटका कुत्र्याला बसला. बंकटचं ते तांबडं कुत्रं मेंढरांच्या पुढं उभं राहून भुंकत होतं. लोखंडी पाईप त्याच्या कमरेत बसला आणि भुंकणं अर्ध्यावरच तुटलं. मग चौघंजण बंकटवर धावून गेले. युसूफ वडगावच्या अलीकडचं ते गायरान. बंकटच्या आज्यापासून वस्तीतली मेंढरं तिथं चरत आलेली. गावातल्या बड्या मोहनरावांचा मुलगा अमरसिंह याला त्या जागी खडी केंद्र टाकायचं होतं. स्वतः तो जीपला टेकून उभा होता, तमाशा कंपनीचा मालक तालीम बघतो तसा निवांत. बंकटचा उजवा हात कोपरातून मोडला, टाळू फुटली, तरी तो ओरडला नाही. ओरडली ती बांधावरून बघणारी त्याची लेक बबिता.

ही गोष्ट मात्र बंकटची नाही. ती बबिताच्या शाळेतल्या वनमालाबाईंची आहे.

बाई मूळच्या लिंबागणेशच्या. तिसरीत असताना एक शब्द आला नाही म्हणून गुरुजींनी त्यांच्या बोटांवर रूळ असा हाणला, की मधल्या बोटाचं नख कायमचं वाकडं उगवलं. तो शब्द कोणता होता हे त्या पुढं विसरल्या. रुळाचा आवाज मात्र विसरल्या नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी त्या या वस्तीवरच्या दोन खोल्यांच्या शाळेत आल्या, तेव्हा पुस्तकातला अवघड शब्द आला की पोरं मान खाली घालून फटक्याची वाट बघायची.

त्यावरचा उपाय त्यांना मेंढरांच्या वाड्यावर सापडला. एका संध्याकाळी त्या बंकटच्या दारात उभ्या होत्या. जाळीच्या तोंडातून दीडशे मेंढरं आत शिरत होती आणि बंकट काही मोजत नव्हता. मध्येच म्हणाला, काळ्या कानाची मागं राहिली. कसं कळलं म्हणून बाईंनी विचारलं. तो म्हणाला, मेंढरं रोज एकाच रांगेनं चालतात. तिच्या पुढची आली, मागची आली, मधली जागा रिकामी. जी न्हाई तिला कशाला हुडकायचं, आजूबाजूच्यांना बघायचं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर तेच मांडलं. शब्द अडला तर घाबरायचं नाही. मागचे शब्द बघा, पुढचे बघा, मधे कोण बसेल ते ठरवा. ठरवलेला शब्द त्या जागी बसवून वाक्य पुन्हा वाचा. बसला तर तुमचा, नाही बसला तर दुसरा हुडका. बाई हे असं रंगवून सांगायच्या की गावोगाव तमाशाच्या कनाती ठोकण्याचे ते जुने दिवस असते, तर कंपनीच्या मालकानं त्यांना पुढच्या मुक्कामाला सोबत नेलं असतं.

वस्तीत एक रीत पडली होती. कुठलाही कागद शाळेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर बाईंनी वाचायचा, मगच त्यावर अंगठा. म्हणून मारहाणीच्या चौथ्या दिवशी अमरसिंह कागद घेऊन आधी बाईंकडं आला. वस्तीला त्यानं सांगितलं होतं की भांडण मिटवायचा कागद आहे, मेंढरं पूर्वीसारखी चरतील. बाईंनी तसंच वाचायचं. टेबलावर वेताची काठी ठेवून तो शांतपणे बोलला. बाई, तुमी एकल्या वाटेनं केजला जाता, संध्याकाळी.

बाई घाबरल्या. तरी कागद हातात घेऊन त्या ओट्यावर आल्या.

समोर बंकट, डोक्याला पट्टी, उजवा हात गळ्यात. डाव्या अंगठ्याला शाई लावून झालेली. शेजारी त्याची बायको चतुराबाई आणि सगळी वस्ती. बाई म्हणाल्या, "मला काय वाचायचं ते पढवून दिलंय. म्हणून मी वाचणार नाही. पाचवीतलं कुणीही वाचेल."

अमरसिंह हसला. मेंढरामागची पोर कोर्टाची भाषा काय वाचणार, अशी त्याची खात्री. "वाचू द्या की. आमाला बी ऐकू द्या बाईंची शाळा."

बबिता उठली. एकेक अक्षर लावत तिनं वाचलं. गायरानावरील चराईच्या हक्काचा मी व माझी वस्ती परित्याग करीत असून, यापुढे आमची जनावरे तेथे नेणार नाही. ती थांबली.

"परित्याग म्हंजी राखण," अमरसिंह म्हणाला. "गायरान राखायचं. चल पुढं."

बबिताचे ओठ हलले. तिनं त्याचा शब्द वाक्यात बसवून बघितला, मग बाईंकडं पाहिलं. बाईंनी काही खुणावलं नाही.

"बसत न्हाई," ती म्हणाली. "राखण करायची तर मग जनावरं नेणार न्हाई असं कावून लिवलंय? मागं हक्क हाय, पुढं नेणार न्हाई हाय. मधी सोडून देणंच बसतंय. आप्पा, गायरान सोडलं असं हाय ह्यात."

अमरसिंहाचा वेत आधी हवेत वाजला. तो बबितासाठी उचललेला होता. बाई मधे आल्या, तो डाव्या कानावर बसला. दुसरा खांद्यावर, काडी मोडावी तसं हाड वाजलं. बाई ओट्यावरून खाली पडल्या. अमरसिंहासोबत आलेल्या माणसानं बंकटचा डावा हात धरून कागदाकडं ओढला. बंकटनं त्याच्या मनगटात दात रोवले आणि रक्त तोंडात येईपर्यंत सोडले नाहीत. चतुराबाईनं शाळेतला पाण्याचा हंडा दोन्ही हातांनी उचलून अमरसिंहाच्या तोंडावर घातला. त्याचे दात शाळेच्या अंगणात पडले. मग वस्तीच उठली. काठ्या, दगड, चपला, जे हाताला येईल ते. बायका सगळ्यांत पुढं होत्या.

धुरळ्यात पडलेल्या बाईंच्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. कागद छातीशी धरून बबिता भिंतीला चिकटली होती. बाईंनी तिला जवळ बोलावलं.

"पुढचं वाच."

आणि त्या हाणामारीत पाचवीतल्या पोरीनं कागद शेवटपर्यंत वाचला, मोठ्यानं, एकही शब्द न गाळता. माझी दुखापत दगडावरून घसरून पडल्याने झाली आहे, असं त्यात खाली लिहिलं होतं. ते ऐकून बंकट मागं वळला. त्यानं अंगठ्याची शाई धोतराला पुसली.

अंगठ्याविना राहिलेला तो कागद वस्तीनं जपून केजच्या पोलीस ठाण्यात दिला. दुसऱ्या सकाळी मेंढरं गायरानात गेली. सोबत वस्तीतली सगळी माणसं काठ्या घेऊन चालली. कुणी आडवं आलं नाही.

बाई अंबाजोगाईच्या दवाखान्यात तीन आठवडे होत्या. डावा कान गेला, खांदा वाकडा जुळला. बबिता भेटायला आली ती वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन, आणि बाईंच्या उजव्या बाजूला बसली. तिनं मोठ्यानं वाचलं: अमरसिंहाला सशर्त जामीन मंजूर, केज तालुक्यात प्रवेशास मनाई.

"सशर्त कुणी सांगितलं न्हाई मला," ती म्हणाली. "पण मागं जामीन हाय अन् पुढं मनाई. सुटला, पर दावं बांधून सोडलाय. बसतंय का, बाई?"

बाईंनी तुकडा हातात घेतला आणि वाक्य पुन्हा एकदा वाचलं. "बसतंय," त्या म्हणाल्या. "दावं कधीपर्यंत ते खाली लिहिलंय का बघ."