हवेचं भाडं

आमचे हे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पार्ट लोडचा अंदाज काढतात. म्हणजे ज्याच्या मालाने अख्खा ट्रक भरत नाही, त्याचा माल किती फूट जागा अडवील ते सांगायचं. त्यावर भाडं ठरतं. तीस वर्षं हेच काम. टेप खिशात असतो, पण बाहेर निघत नाही. मालाभोवती एक फेरी, मान जरा वाकडी, की "साडेचार फूट" म्हणून मोकळे. मोजून बघावं तर साडेचारच भरतात. घरी मात्र नाकासमोरचा चहाचा डबा दिसत नाही.

"आमच्या मालावर दुसरं काही ठेवू नका," असं गिऱ्हाईक म्हणालं की यांचा पारा चढतो. "म्हणजे वर ताडपत्रीपर्यंतची हवा तुमची! हवेचंही भाडं पडतं, साहेब." गिऱ्हाईक मुकाट्याने वर पोती ठेवू देतं.

लेकीने लांबच्या शहरात नोकरी धरली, आणि या गृहस्थांनी मिठाची गुळणी धरली. तीन आठवडे तिच्याशी अक्षर नाही. जा नाही, थांब नाही. ती बापडी खोकी भरताना सारखी दाराकडे बघायची. पोरगी बापाच्या अबोल्यातच घराबाहेर पडते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला.

सामान न्यायच्या सकाळी यांच्याच ऑफिसचा ट्रक दारात आला. मागोमाग हेही, पॅड घेऊन, परक्याच्या घरी आल्यासारखे. लोखंडी खाट, जुनं टेबल, पुस्तकांची खोकी. फेरी मारली, मान वाकडी केली.

"नऊ फूट."

हमालांचा मुकादम हसला. "साहेब, पाचात बसतंय की! खोकी एकावर एक लावू, वर पोती टाकू."

"नऊ," म्हणत यांनी चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. प्रत्येक वस्तूपुढे लिहिलं होतं : वर काही ठेवू नये. खाटेपुढेसुद्धा!

"अहो, लोखंडाला काय धाड भरलीय?" मी म्हणाले.

लेकीने चिठ्ठी घेऊन वाचली. दोनदा वाचली. "बाबा, एवढ्या हवेचं भाडं कोण देणार?"

"मी," हे म्हणाले. "आणि पोचलीस की फोन कर."

तिला रडू फुटलं, मलाही. हे तोवर पाठ फिरवून मुकादमावर खेकसत होते, "हळू उचला! खाट आहे ती, पोतं नाही."