शेगडीजवळची जागा

खोबरेल तेलाचा दगड होतो, हे मला एकविसाव्या वर्षी ग्वाल्हेरात कळलं, आणि तेही नेमकं नोकरीच्या परीक्षेच्या सकाळी.

रत्नागिरीहून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. लष्कर भागात टोपी बाजारामागं मामाकडे उतरलो होतो. पौषातली थंडी अशी, की चूळ भरायचंसुद्धा जिवावर यायचं, आणि धुक्यात सूर्य उगवला की नाही हे घड्याळाला विचारावं लागायचं. त्या दिवशी दरबारच्या एका कचेरीत नकला करणाऱ्या कारकुनाच्या जागेसाठी आमचं अक्षर पाहणार होते. मामानं चार उंबरे झिजवून ही संधी मिळवलेली. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, दोन बहिणी लग्नाच्या. जागा हुकली तर कुठल्या तोंडानं परत जायचं, या विचारानं मला रात्रभर झोप नव्हती.

मामी म्हणाली, "बाळू, सरसोंचं तेल लाव रे. ह्या ठंडीत तुझं खोबरेल काही कामाचं नाही."

सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या तेलाला मला लोणच्याचा वास यायचा. (नोकरी मागायला जायचं, ते काय कैरीच्या फोडीसारखं?) शिवाय चांगल्या कामाला कोरड्या डोक्यानं जायचं नाही, असं आईनं बजावलेलं. मी ताठ मानेनं आईनं दिलेला डबा उघडला. कोकणात हे तेल फार तर दाटायचं. इथं चमचा वाकला! शेवटी लिंबाएवढा गोळा उकरून हातावर चोळला, तर माझे हातच त्याच्याहून गार. उशीर होत होता. गोळा तसाच शेंडीवर थापला आणि वर पगडी दाबली. डोक्याच्या उबेनं हळूहळू मुरेल, असा माझा अंदाज.

कचेरीत भर सकाळी दिवे लावलेले होते. आम्ही पाच उमेदवार जमिनीवर बसलो. कचेरीचे मुख्य रावसाहेब माझे वाजणारे दात ऐकून कळवळले.

"तुम्ही कोकणातले ना? इकडे शेगडीला लागून बसा. ठंड बाधेल."

त्यांच्या मायेनं मला भरून आलं. सरकून बसलो आणि लिहू लागलो. पहिल्या दोन ओळी मोत्यासारख्या उतरल्या. तिसरीला कानामागं काहीतरी सरकलं.

चौथ्या ओळीला एक ओघळ पाठीत उतरला, पाचवीला दुसरा कपाळावरून नाकाकडे निघाला. पगडी काढून पुसावं, तर वरिष्ठांपुढे उघडं डोकं म्हणजे घरात कोणी गेल्याची खबर. मी उजव्या हातानं लिहीत होतो, डाव्या बाहीनं नाक सांभाळत होतो आणि मनात कुलदैवताला हाका मारत होतो. पहिला थेंब नेमका 'श्रीमंत' या शब्दावर पडला. तिथं शाई बसेना. डाग झाकायला पंजा ठेवला, तर पाचही बोटं कागदावर उमटली.

रावसाहेबांनी वर पाहिलं. "अहो, एवढा घाम? तबियत बरी आहे ना?"

"बरी आहे, साहेब," म्हणून मी मान लववली. भराभर तीन थेंब पडले.

त्यांनी कागद उचलून दिव्यासमोर धरला. मला कागदातून त्यांचा चेहरा दिसत होता. चेहरा हसत नव्हता. बहिणींची तोंडं माझ्या डोळ्यांपुढे आली. रावसाहेबांनी कागदाचा वास घेतला.

"खोबरेल?"

मी सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "अक्षर तर देखणं आहे. जागा तुमची. पण एक शर्त आहे."

ती अट मी सव्वीस वर्षं पाळली. माझी बैठक उत्तरेच्या खिडकीखाली, जिची फळी कधीच नीट लागली नाही, शेगडीपासून सगळ्यात लांब! दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्यानं मामीचं तेल लावायला लागलो, पण कचेरीचा विश्वास काही बसला नाही. तिथं बसून एक गोष्ट मात्र नीट कळली. सरसोंचं तेल ग्वाल्हेरच्या थंडीत अजिबात गोठत नाही. त्याच्याखालचा माणूस गोठतो.