सुनेची ओटी आणि गोठ्यातली आई

गावातील गर्भवती लेकी-सुनांनो, ज्यांना वाचता येते त्यांनी हा फलक इतरजणींना वाचून दाखवावा.

माझ्या सुनेला पाचवा महिना आहे. काल बाळ प्रथमच हलले, तेव्हा ती दिवसभर हसत होती. आज तिची ओटी होती. तिची विधवा आई तळवड्याहून खण-नारळ घेऊन पायी आली.

ती ओटी भरायला पुढे झाली, तशी शेजारीण म्हणाली, "आक्का, मागं सरा. सवाशिणीचं काम हाय."

"मग भरूच नका!" सून पाटावरून उठली.

घरचा कर्ता या नात्याने मी विहीणबाईंना पुढे बोलावले. त्यांनीच नकार दिला. "बस पोरी. बाळाला काय झालं, तर माझंच नाव व्हईल."

त्या गोठ्यात जाऊन उभ्या राहिल्या. रडणाऱ्या सुनेची ओटी सवाष्णींनी भरली.

तुमची ओटी भरली, तेव्हा तुमची आई कोठे उभी होती?