म्हातारी गेली की राहिली

थेटरातल्या त्या दारवाल्याला सगळे शेवटमामा म्हणत. कुठल्याही सिनेमाचा शेवट विचारा, मामांना तोंडपाठ. सुरुवात विचारली की मान खाजवत. खेळ संपत आला की आत जायचं, बाहेरची दारं उघडायची, माणसं काढायची, एवढंच त्यांचं काम. झाडूवाले खोळंबलेले, म्हणून शेवटचं गाणं सुरू होण्याआधीच मामा दार ढकलत.

त्या दिवसांत एक भुताचा विनोदी सिनेमा लागला होता. त्यातली सासू मेलेली, पण तिला पत्ताच नाही. सुनेच्या मागे स्वयंपाकघरात हिंडून फोडणीला नावं ठेवते, लोक हसून लोळतात. शेवटी तिला कळतं. चपला घालून ती दारात उभी राहते, दार लागतं आणि मागून खोकला ऐकू येतो. खोकला तिचा की सुनेचा, यावरून लोक जिन्यात हुज्जत घालत उतरत.

मामांची बायको, मामी, अंथरुणाला खिळायच्या आधी हा सिनेमा बघून आली होती. मागच्या खेपेला कॅन्सरच्या इंजेक्शनांनी तिची पार सालटी काढली होती, आणि आता डॉक्टर परत तीच सुरू करू म्हणत होते. लेक तर गाडी घेऊन तिला दवाखान्यात न्यायला येणार होती. मामीनं एकदा सरळ सांगून पाहिलं, आता पुरे. मामांनी तिला गप्प केलं, भलतंसलतं बोलू नकोस म्हणाले. तेव्हापासून तिनं त्या सिनेमाचाच विषय धरला.

"म्हातारी गेली की राहिली?"

"राहिली. खोकते ना ती."

"सून खोकते. आणि तुम्ही काय बघणार? दार उघडून शेवटावर उजेड पाडता, पडदा नुसता पांढरा. एकदा दार लावून बघा, मग सांगा मला."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला मामांनी दार उघडलंच नाही. कडीवर हात ठेवून अंधारात उभे राहिले. मागून झाडूवाला शिव्या घालत होता, मॅनेजर दार बडवत होता. इतके दिवस उजेडात पुसून गेलेला म्हातारीचा चेहरा मामांना पहिल्यांदा धड दिसला. लोक अजून फिदीफिदी हसत होते. मामांना काही हसू आलं नाही.

मॅनेजरची बोलणी खाऊन ते घरी आले. मामी जागीच होती. तिनं नुसतं बघितलं.

"खोकला कुणाचा, ते आजही कळलं नाही," मामा म्हणाले. "पण थकलीय गं ती. घराकडे बघतही नाही. कुणीतरी जा म्हणावं म्हणून उभी आहे."

"मग म्हणा की."

 मामांनी फोन उचलला आणि लेकीला सांगितलं, उद्या गाडी आणू नकोस, आईला कुठं न्यायचं नाही.  लेकीचा असा आवाज निघाला की मामांनी फोन कानापासून दूर धरला. बापानं हात टेकले, आईला वाऱ्यावर सोडलं, असं ती काय काय बोलत सुटली.

"द्या इकडे," मामी म्हणाली.

उशीवर कान टेकवून तिनं लेकीचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग दमून विचारलं, "जेवलीस का?"